पाठीवरचें मूल

पहिल्या खेपेस गर्भार राहिलेल्या स्त्रीला मराठींत 'पहिलटकरीण' असा एक स्वतंत्र आणि मोठा गोड शब्द आहे. तीच स्त्री दुसऱ्या खेपेस गर्भार राहिली म्हणजे तिला काय म्हणावें, याला आपल्या नित्याच्या बोलण्यांत शब्द नाहीं. गाईम्हशींच्या बाबतींत पहिलें वेत, दुसरें वेत, तिसरें वेत असा चोख हिशेब ठेवणारी ही भाषा माणसाच्या आईपाशीं येतांच पहिल्या आंकड्यावर थांबते. मात्र जें दुसरें मूल येतें त्याच्याविषयीं बोलतांना ती एक निराळी वाट धरते. तें मूल 'अमक्याच्या पाठीवर झालें' असें आपण म्हणतों. पाठचा भाऊ, पाठची बहीण म्हणतों. आईच्या पोटांतला भार भाषेनें पहिल्या मुलाच्या पाठीवर नेऊन ठेविला आहे. आणि तें पहिलें मूल बहुधा दीड-दोन वर्षांचें, ज्याला अजून जिनासुद्धां धड उतरतां येत नाहीं, असें असतें.

हा विचार सुचण्याचें कारण घरगुती आहे. माझी मुलगी कोथरुडांत राहते. तिला दोन वर्षांची मुलगी आहे, आणि येत्या श्रावणांत तिचें दुसरें बाळंतपण आहे. मध्यंतरीं एका संध्याकाळीं ती सहज मला म्हणाली, "बाबा, धाकट्याच्या वेळेस तुम्ही मला आत्याकडे कां हो ठेवलं होतं?" विचारण्यांत राग नव्हता. मीं कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु इतिहास शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या माणसाला स्वतःच्या घरांतील एका साध्या गोष्टीचें कारण सांगतां येऊं नये, याची मला मागाहून लाज वाटली. तेव्हां प्रश्न थोडा रुंद करून मीं तो स्वतःलाच घातला: या आपल्या पुणें शहरांत, पाठीवर दुसरें येत असतां पहिल्याचें काय करीत असत?

आरंभ अर्थातच शनिवारवाड्यापासून करावयाचा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांस १७४२ सालीं विश्वासराव झाले आणि १७४५ सालीं माधवराव. म्हणजे माधवरावांच्या वेळीं दिवस राहिले तेव्हां विश्वासराव नुकते बोलूं-चालूं लागलेले असणार. मधल्या काळांत, १७४३ सालीं, नानासाहेब बंगालच्या स्वारीवर होते. त्या स्वाऱ्यांचे कागद आपल्यापाशीं आहेत. रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखालीं पेशवे दप्तरांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापून निघाले; त्यांत फौजांच्या हालचाली आहेत, कर्जें आहेत, रुसवे-फुगवे आहेत. परंतु आईला पुन्हां दिवस गेल्यावर तें दोन वर्षांचें मूल रात्रीं कोणाच्या कुशींत निजत होतें, हें टिपून ठेवणें कोणा कारकुनाचें काम नव्हतें. पुढें १७६१ सालीं विश्वासराव पानिपतावर पडले, आणि त्याच वर्षीं पाठच्या माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. थोरल्याच्या जागीं धाकटा आला याची नोंद इतिहासानें येथें केली. तीच गोष्ट घरोघर आईच्या मांडीवर रोज घडत होती. तिची नोंद नाहीं.

दप्तर थांबलें म्हणजे आजी-पणजींच्या सांगण्याकडे वळावें लागतें. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा संकेत बहुतेक सर्व जातींत होता. डोहाळजेवण, ओटी, बाळंतविडा ही सगळी हौस त्या खेपेची. दुसऱ्या खेपेस हौस ओसरे. पुष्कळ घरीं दुसरें बाळंतपण सासरींच होई, आणि आठवा महिना उलटला तरी सून चुलीपुढें असे. बाळंतिणीची खोली अंधारी, बाजेखालीं शेगडी, आणि दहा दिवसांचें सोयर. मोठ्यांसाठीं असलेली शिवाशीव लहानग्याच्या बाबतींत तितकी कडक नसे हें खरें. तरी जें मूल कालपर्यंत आईच्या अंगावर हात टाकून निजत होतें, त्याला आज उंबऱ्याच्या अलीकडे उभें राहून आंतलें रडणें ऐकावें लागे. बाराव्या दिवशीं बारसें होई, पाळण्याभोंवतीं बायका जमत, आणि थोरल्याच्या हातावर घुगऱ्या ठेवून 'आतां तूं मोठा झालास हो' असें त्याला सांगण्यांत येई. दोन वर्षांच्या मुलाला मोठें होण्यास इतका थोडा अवधि दुसऱ्या कोणत्याहि प्रसंगीं मिळत नसेल.

परंतु याच व्यवस्थेंत एक शहाणपणहि होतें, आणि तें कोणीं पुस्तकांत लिहून ठेविलेलें नव्हतें. सुनेला दिवस गेल्याची चाहूल लागतांच सासू पहिल्या मुलाला हळूहळू आपल्या अंथरुणांत ओढून घेई. प्रथम दुपारचें निजणें, मग रात्रीचें. प्रथम गोष्ट सांगणें, मग भरविणें. पांच-सहा महिन्यांनीं बाळंतपणाची रात्र येई तेव्हां त्या मुलाचें अंथरूण आधींच बदललेलें असे, आणि ज्या माणसाकडे तें जाई तें माणूस त्याच्या ओळखीचें, त्याच घरांतलें असे. या मुद्द्याकडे मला पुढें पुन्हां यावयाचें आहे.

दोन मुलांमधील अंतराविषयींहि जुन्या बायकांचा अनुभव अगदींच अडाणीपणाचा नव्हता. मूल दोन-दोन वर्षें अंगावर पीत असे, आणि पाजणाऱ्या आईची पाळी लांबते हें त्यांस ठाऊक होतें. १९८८ सालीं इटलींतील बेलाजिओ येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं यालाच शास्त्राची मान्यता दिली: बाळंतपणानंतरचे पहिले सहा महिने मूल सर्वस्वीं अंगावरच पीत असेल आणि पाळी परत आलेली नसेल, तर पुन्हां दिवस राहण्याचा संभव शेंकडा दोनांहून कमी असतो. पण निसर्गाची ही योजना एका ठिकाणीं हमखास मोडे. तान्हें मूल दगावलें कीं दूध थांबे, आणि पुढची खेप लौकर येई. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मलेल्या पांच मुलांपैकीं सुमारें एक वर्षाच्या आंत जात असे. तेव्हां ज्या आईनें एक मूल गमावलें तिच्याच अंगावर दुसरें बाळंतपण अधिक घाईनें येऊन कोसळे.

जें मूल वांचे त्याचेंहि एक संकट असे. आईला पुन्हां दिवस गेले कीं तिचें दूध वरच्या मुलास बाधतें, अशी समजूत असल्यामुळें तें एकाएकीं तोडीत. प्रकृति धड असलेल्या गर्भवतीचें दूध बाधत नाहीं असें आजचे डॉक्टर सांगतात. परंतु दूध तुटल्यावर पातळ पेजेवर राहिलेलें मूल रोडावे, हें डोळ्यांनीं दिसलेलें खरें होतें. हीच गोष्ट सातासमुद्रांपलीकडे एका डॉक्टरणीनें पाहिली. पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथें काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३३ सालीं एक ते चार वर्षांच्या मुलांत दिसणाऱ्या एका दुखण्याचें वर्णन केलें. पाय सुजत, केंसांचा रंग उतरे, मूल किरकिरें होऊन पुढें निपचित पडे. १९३५ सालीं त्यांनीं त्या रोगाला तेथील गा भाषेंतलेंच नांव दिलें, 'क्वाशिओर्कोर'. पाठीवर दुसरें आल्यामुळें आईपासून दुरावलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ त्या बायकांनीं त्यांना सांगितला. त्या रोगाच्या कारणांविषयीं पुढें बराच वाद झाला, आणि केवळ प्रथिनांची वाण एवढेंच त्याचें कारण नव्हे असें ठरत आलें. परंतु तें नांव वैद्यकाच्या ग्रंथांत कायम राहिलें. आपण ज्याला 'पाठ' म्हणालों, त्याच ठिकाणीं त्या बायकांनीं आजार पाहिला.

आईच्या जिवाचें काय, हा प्रश्न पुण्यापुढें ज्यांनीं मांडला त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव पहिलें घ्यावें लागतें. चौदाव्या वर्षीं त्यांस झालेलें मूल अवघे दहा दिवस जगलें. त्यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, आणि प्रबंधाला विषय निवडला तो हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्राचा. १८८७ च्या फेब्रुवारींत त्या पुण्यांतच वारल्या. वय बावीस वर्षें पुरतें झालेलें नव्हतें. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें, आणि त्यांतील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. ज्यांना स्वतःच्या घरच्या बारशास पुढें येऊं देत नसत, त्यांच्या शिकलेल्या हातांवर दुसऱ्यांचीं मुलें जन्मास येऊं लागलीं. १९१२ सालीं लहानशा प्रसूतिगृहाच्या रूपानें निघालेल्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. बानू कोयाजी १९४४ सालीं आल्या आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्या कामांत राहिल्या. त्याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. ज्या आया पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं मुलें जन्मतः अधिक भरलेलीं असत असें त्यांत आढळलें. म्हणजे खर्चिक औषधापेक्षां ताटांतल्या पालेभाजीचा प्रश्न मोठा. आणि अंगावर पिणारें एक व पोटांत एक अशा आईच्या ताटांत शेवटीं काय उरतें, हें आपल्या घरांतल्या जेवणाच्या क्रमावरूनच कळण्यासारखें आहे.

दोन मुलांतील अंतर हा आईच्या हक्काचा विषय आहे, असें उघडपणें म्हणणारा पहिला मोठा माणूसहि पुण्याच्या शिक्षणांत वाढलेला होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षि कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १८९१ सालीं, ते नऊ वर्षांचे असतां, त्यांची आई राधाबाई वारली. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें. लंडनांत मेरी स्टोप्स बाईंचा दवाखाना निघाला त्याच वर्षीं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें आणि १९५३ सालीं मरेपर्यंत तें सोडलें नाहीं. या पायीं त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले, सुशिक्षितांनींच नाकें मुरडलीं. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या सल्ल्याबद्दल कर्व्यांची अवहेलना झाली तो आज सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगविलेला असतो. एका बाळंतपणानंतर पुन्हां दिवस राहण्यापूर्वीं निदान दोन वर्षें जाऊं द्यावींत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमानें भरलेल्या तज्ज्ञांच्या सभेनें २००५ सालीं केली आहे.

आतांपर्यंत जें लिहिलें तें ज्यांच्या घरांत आजी होती त्यांच्याविषयीं. ज्यांच्या घरांत सगळींच माणसें पहांटे कामास जात त्यांचें काय? तेथें 'पाठीवर' हा शब्द अलंकार राहत नाहीं. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर खरोखरच भावंड असतें. ताराबाई मोडकांनीं १९४५ पासून ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें, तेव्हां त्यांच्या लक्षांत आलें कीं शाळेंत न येणारीं मुलें आळशी नव्हेत. तीं घरीं धाकट्यांना सांभाळीत आहेत. पुढें कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागीं आणली. तान्ह्याची सोय झाल्यावांचून थोरलीचें शिक्षण होत नाहीं, इतकी ही साधी गोष्ट; पण शिक्षणावरील अहवालांच्या ढिगांत ती हरवली होती. १९६९ सालीं दिल्लींत मीरा महादेवन यांनीं इमारतींच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठीं फिरतीं पाळणाघरें काढलीं, आणि पुढें तें काम पुण्यांतहि आलें. कोथरूड-बाणेरच्या ज्या उंच इमारतींत आमच्यासारख्यांचीं मुलें राहतात, त्यांच्या पायाशीं सिमेंटच्या गोणीवर निजलेलें भाऊ-बहिणींचें जोडपें आपण सर्वांनींच पाहिलेलें आहे.

आतां माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे येतों. १९९० नंतरच्या त्या वर्षांत आम्ही दोन खोल्यांच्या घरांत राहत होतों. माझी आई वारलेली, पत्नीच्या माहेरीं आजारपण. ज्या प्रसूतिगृहांत नांव घातलें होतें तेथें लहान मुलांस आंत सोडीत नसत. तेव्हां दोन वर्षांच्या मुलीला मीं साताऱ्यास माझ्या मोठ्या बहिणीकडे नेऊन ठेविलें. बहीण फार मायाळू. परंतु मुलीनें तिला दिवाळीखेरीज पाहिलें नव्हतें. ती रडेल म्हणून ती झोंपेंत असतां मी परत निघालों. सात आठवड्यांनीं तिला आणावयास गेलों, तेव्हां ती माझ्याकडे आली नाहीं. पुण्यास आल्यावर आईनें हात पुढें केले तरी भिंतीला टेकून उभी राहिली. आम्ही म्हणालों, किती शहाणी झाली आहे, मुळींच त्रास देत नाहीं.

जेम्स व जॉइस रॉबर्टसन या इंग्रज दांपत्याचें काम मीं त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं वाचलें. आई दुसऱ्या बाळंतपणासाठीं रुग्णालयांत गेल्यामुळें सतरा महिन्यांचा जॉन नांवाचा मुलगा नऊ दिवस एका संगोपनगृहांत राहिला. त्यांनीं १९६९ सालीं त्याचें चलच्चित्र तयार केलें. तेथील दाया वाईट नव्हत्या, पण पाळीपाळीनें बदलत. मूल प्रथम त्यांच्यापैकीं कोणाला तरी धरावयास पाहतें, मग रडतें, मग जेवणें सोडतें, आणि नवव्या दिवशीं आई येते तेव्हां तिच्यापासून तोंड फिरवितें. याच दांपत्यानें तशाच वयाचीं आणखी चार मुलें सांभाळलीं. त्यांची आधीं ओळख करून घेतली, त्यांच्या घरच्या संवयी राखल्या, त्यांच्यापाशीं आईची आठवण रोज काढली. आणि तीं मुलें पुष्कळच निभावून गेलीं. म्हणजे मुलाला मोडतो तो केवळ वियोग नव्हे. वियोगाच्या वेळीं ओळखीची एक कायमची मांडी नसणें, हें त्याला मोडतें. आपली आजी पांच महिने आधीं जें अंथरूण बदलीत होती त्याचा अर्थ मला तेव्हां कळला. आम्हीं वाडा सोडला, सोयर सोडलें, तें बरेंच झालें. पण त्याबरोबर हेंहि सोडलें, आणि सोडलें आहे हें आम्हांस कळलेंहि नाहीं. माझ्या मुलीच्या प्रश्नाचें खरें उत्तर इतकेंच आहे, आणि तें मीं तिला आतां सांगितलें आहे.

गेलेले दिवस परत यावेत असें मी म्हणत नाहीं. महाराष्ट्रांत २०२० सालीं दर हजार जन्मलेल्या मुलांत वर्षाच्या आंत दगावणारीं सोळा होतीं. पणजीच्या काळच्या मानानें हें मोठेंच भाग्य. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या प्रांतांत दर स्त्रीमागें मुलें सरासरी १.७ आहेत, म्हणजे पाठ आहे तेथें ती बहुधा एकच, आणि ती सांभाळण्यास घरांत माणसेंहि दोनच. कायद्यानें कांहीं केलें आहे. प्रसूतीचा लाभ देणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ चा. आदल्या वर्षीं कायदेमंडळांत आंबेडकरांनीं त्या विधेयकास पाठिंबा दिला होता. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांच्या वेळीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळूं लागली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या जागीं पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण खासगी नोकरींतील बापाला या कायद्यानें एक दिवसहि दिला नाहीं. आणि मोलकरीण, मजूर, भाजीवाली यांना कोणी मालकच नसल्यानें तो त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. केंद्राची मातृवंदना योजना पहिल्या मुलाला पांच हजार रुपये देते. २०२२ पासून दुसऱ्यालाहि सहा हजार, पण ती मुलगी असली तरच. मुलीचें स्वागत व्हावें हा हेतु उत्तम आहे. तथापि दुसऱ्या खेपेस आईला अशक्तपणा येतो तो पोटांत मुलगा असो वा मुलगी असो, सारखाच येतो.

कायदा, दवाखाना, पाळणाघर यांनीं जें करावयाचें तें करावें. घरानें करावयाचें फार थोडें आहे. केंब्रिजमधील चाळीस कुटुंबांचा अभ्यास करून ज्यूडी डन व कॅरल केंड्रिक यांनीं १९८२ सालीं असें दाखविलें कीं, नव्या बाळाला भूक लागली असेल, त्याला काय हवें असेल, असें ज्या आया पहिल्या मुलाशीं पहिल्या आठवड्यांपासून बोलत, त्यांच्या घरीं वर्षभरानेंहि भावंडांत अधिक ममता दिसे. बाळाविषयीं त्याच्याशीं बोलावें, त्याला विचारावें, आणि कोठेंहि पाठवावयाचें तर झोंपेंत पाठवूं नये. याला पैसा लागत नाहीं.

गेल्या ज्येष्ठापासून माझी नात रोज दुपारीं आमच्याकडे येते. दोन आठवड्यांपूर्वीं ती प्रथमच रात्रीं राहिली. तिची आईहि शेजारच्या खोलींत निजली होती. पहांटे ती उठून त्या खोलीच्या दारापर्यंत गेली, आई आंत आहे असें पाहून परत आली, आणि आजीच्या पांघरुणांत शिरली. श्रावणाला अजून पांच आठवडे आहेत. तोंवर हें असेंच चालू ठेवावयाचें आम्हीं ठरविलें आहे.